आधी गादी, मग स्पीकर

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझं गणित कशावर चाललंय ते कळेल. पुण्यात भाड्याचा फ्लॅट. ऐकण्याची खोली १० फूट बाय १२ फूट, उंची साडेनऊ. खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार, भिंतीत कपड्यांचं कपाट, एक रेक्झिनचा सोफा, बाकी मोकळं. ऐकता बहुतेक शास्त्रीय गायन आणि तबला, थोडी भावगीतं, मुलासाठी सिनेमाची गाणी. भावाकडचे टॉवर स्पीकर आणून लावलेत तर गायिकेचा आवाज चिरका लागतो, डग्गा भसाभस वाजतो आणि लेकाच्या गाण्यांत बेसचा नुसता चिखल होतो. दुकानदार म्हणतो ॲम्प्लिफायर बदला. मेहुणे म्हणतात भिंतींना फोम चिकटवा. बजेट ५० हजार, भिंतीला भोक पाडायला घरमालकाची मनाई. आणि वायर भारीतली घ्यावी का, हा शेवटचा प्रश्न.

ॲम्प्लिफायरला हात लावू नका, फोम आणू नका, टॉवर भावाला परत द्या. पन्नासातले १२-१५ हजार खोलीवर घाला, उरलेल्यात लहान स्पीकरची एक चांगली जोडी घ्या आणि तिच्या जवळ बसा. का, ते सांगायला वेळ लागेल.

खोली रिकामी करा, पंखा बंद करा, मधोमध उभं राहून एकच कोरडी टाळी वाजवा. टाळीमागून एक बारीक ‘टर्रर्र’ ऐकू येईल, पत्र्यावर काठी ओढल्यासारखी. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती टाळी एकमेकींकडे टोलवत असतात. दहा फुटांच्या खोलीत तिची एक येरझार २० फुटांची, म्हणजे सेकंदाला सुमारे ५७ येरझारा. हा ५७ आकडा लक्षात ठेवा, पुढे दुसऱ्या वेषात भेटणार आहे.

आता टाळी सोडून घसा खाकरा किंवा खालच्या पट्टीत ‘हूं’ करा आणि स्वर हळूहळू वर न्या. एखाद्या स्वरावर खोली अचानक तुमच्या सुरात सूर मिसळेल, न्हाणीघरात होतं तसं. म्हणजे खोलीला दोन वेगळे आजार आहेत. वरच्या स्वरांत चिरकेपणा आणि खाली घुमारा. दोघांची औषधं वेगळी, आणि लोक हमखास एकाचं औषध दुसऱ्याला देतात.

वरच्या आजाराचं गणित सव्वाशे वर्षांपूर्वीच झालंय. हार्वर्डमध्ये १८९५ साली फॉग म्युझियमची नवी इमारत उभी राहिली आणि तिच्या व्याख्यानगृहात बोललेलं काही कळेना. एक शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकावर हे काम पडलं. तो रात्री, सगळं शांत झाल्यावर, शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. गाद्या वाढवत जायचं, वेळ नोंदवत जायचं. या शास्त्राचं पहिलं माप गादीत होतं. पुढे त्याने एकक बदललं: उघडी खिडकी, चौरस मापात. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून ते शंभर टक्के शोषण.

त्याचं सूत्र तुमच्या खोलीला लावू. खोलीचं घनफळ ११४० घनफूट. त्याला ०.०४९ ने गुणायचं आणि एकूण शोषणाने भागायचं, की आवाज विरायचे सेकंद मिळतात. प्लास्टर, टाइल, काच हे सगळे आलेला आवाज दोन-तीन टक्के शोषतात, बाकी परत फेकतात. सगळी मिळून ६५८ चौरस फूट पृष्ठभाग आहे, म्हणजे जेमतेम २० चौरस फूट उघडी खिडकी. उत्तर येतं २.८ सेकंद. सोफा, कपाट, दार, पातळ पडदा आणि तुम्ही स्वतः मिळून ते सव्वा सेकंदाच्या आसपास उतरत असेल. एवढ्या लहान खोलीत संगीत नीट ऐकायला ०.४ सेकंद हवं. त्यासाठी लागतं १४० चौरस फूट शोषण. तुमच्याकडे आहे ४५-५०. म्हणजे ९०-९५ कमी पडतंय. लहान खोलीत हे सूत्र काटेकोर चालत नाही, पण किती कापूस-लोकर लागेल याचा अंदाज बरोबर देतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय.

एक विषयांतर. जुन्या वाड्यातल्या दिवाणखान्यात गाणं का रंगायचं? वर लाकडी तुळया-फळ्या, खाली जाजम, त्यावर गाद्या, लोड-तक्के आणि चाळीस-पन्नास माणसं. एक माणूस म्हणजे साधारण पाच चौरस फूट उघडी खिडकी. पन्नास माणसं म्हणजे अडीचशे. बैठक घालणं हीच खोलीची सगळी तयारी होती, कोणी तिला ध्वनिशास्त्र म्हणालं नाही इतकंच. आपण फ्लॅटमध्ये आलो, गाद्या गेल्या, टाइल्स आल्या, आणि आता आवाज का घुमतो म्हणून ॲम्प्लिफायर बदलतोय.

मेहुण्यांच्या फोमचं म्हणाल, तर ती चूक मी स्वतः केलीय, आणि स्वतःच्याच पैशाने. धंद्यात नवा होतो, सदाशिव पेठेत एक लहान खोली ऐकवायची खोली म्हणून सजवायची होती. चारही भिंतींना एक इंची, उंचसखल खणांचा काळा फोम चिकटवला. दिसायला थेट स्टुडिओ. पहिली तबल्याची रेकॉर्ड लावली आणि चाटीवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा, ‘ना’ मेलेला. सतारीची जवारी, म्हणजे तारेची झणझण, गेली, गायकाच्या तोंडात बोळा कोंबल्यासारखं झालं. डग्गा मात्र जिथल्या तिथे, उलट वरचं सगळं गेल्यामुळे दुप्पट घुमायला लागला. पातळ फोम फक्त वरचे स्वर खातो. १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांच्या, लाटेची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. तिला एक इंच फोम म्हणजे हत्तीला मच्छरदाणी. अंड्यांचे पुठ्ठे तर फोमइतकंही करत नाहीत. शिवाय साधा पीयू फोम पेटला तर भराभर पेटतो आणि धूर विषारी असतो. त्याच खोलीत देवघरातली समई असेल तर विषयच संपला. तो फोम काढताना भिंतीचा रंगही सोलून आला, घरमालकाचं ऐकून घेतलं ते वेगळंच.

आता खालचा आजार, घुमारा. दोन भिंतींमध्ये एखाद्या स्वराची लाट नेमकी अर्धी बसली की खोली तो स्वर धरून ठेवते. तुमच्या १२ फुटांत ती बसते ४७ हर्ट्झला, १० फुटांत ५७ ला, साडेनऊ फूट उंचीत ६० ला. मघाचा ५७ आठवला? टाळीच्या येरझारा आणि हा घुमारा, दोन्ही त्याच दोन भिंतींचे. रुंदी आणि उंची जवळपास सारखी असल्याने ५७ आणि ६० एकमेकांच्या खांद्यावर बसतात, आणि सिनेमाच्या गाण्यातल्या ड्रमचा ठोका नेमका तिथेच पडतो. चिखल होतो तो असा. याच्या दुपटी-तिपटीही आहेत: ९५, ११३, ११९, १४२. डग्ग्यावर मनगट दाबून मींड घेतात तेव्हा स्वर या जागांवरून सरकत जातो, म्हणून काही जागी तो फुगतो आणि काही जागी गायब होतो. मी नवीन खोलीत गेलो की यंत्र काढायच्या आधी डग्ग्याच्या मींडेचं एक रेकॉर्डिंग लावतो. मींड सलग ऐकू आली तर खोली बरी. गचके खाल्ले तर काम आहे.

इथे परदेशी रिव्ह्यू वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेतल्या बहुतेक घरांच्या आतल्या भिंती लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या जिप्सम बोर्डाच्या असतात. तशी भिंत १२५ हर्ट्झच्या आसपासचा आवाज सुमारे तीस टक्के खाते, कारण ती स्वतःच थरथरते. आपली प्लास्टर केलेली विटांची भिंत दोन टक्केही खात नाही. तिकडे ‘बेस जरा कमी आहे’ म्हणून नावं ठेवलेला स्पीकर आपल्याकडे अगदी बेताचा वाजतो, आणि तिकडे ‘भरपूर बेस’ म्हणून नावाजलेला टॉवर इथे तुमच्या भावाच्या टॉवरसारखा वागतो. भावाकडे हॉल मोठा असेल, तिथे तो चांगलाच वाजत असणार. वाईट स्पीकर नाही तो. उसाचा ट्रक बोळात घातलाय, एवढंच.

तर स्पीकर कोणता? खालच्या स्वरांसाठी पाच इंची वूफर, वरच्या स्वरांसाठी एक ट्वीटर, टेबलावर मावणारी पेटी. आकडेवारीत खालचा आवाज ५५-६५ हर्ट्झपर्यंत पुरेसा आहे; त्याखाली खोली स्वतःहून भर घालते. पेटी सीलबंद असेल तर उत्तम, कारण तिचा खालचा आवाज हळूहळू उतरतो आणि खोलीची भर त्याच्याशी जुळते. भोकाची, म्हणजे पोर्टवाली पेटी खालपर्यंत जोर लावते आणि मग एकदम पडते, तो जोर नेमका ५०-६० च्या चिखलात येतो. पण बाजारात सीलबंद पेट्या कमीच आहेत. म्हणून पोर्टवाली घेतलीत तर पोर्टमध्ये फोमचं बूच घाला. काही कंपन्या ते खोक्यातच देतात. नसेल तर जुना सुती मोजा गुंडाळून घाला. हसू नका, अर्ध्या गिऱ्हाइकांकडे मोज्यानेच काम भागलंय. आधी एका स्पीकरला घालून दुसऱ्याशी ताडून बघा, फरक तुमचा तुम्हाला कळेल.

लहान जागेसाठी लहान सीलबंद पेटी हा विचार नवा नाही. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए नावाची जोडी बनवली. गाडीत जागा किती असणार? पेटी फूटभर उंच, पाच इंची वूफर, सीलबंद, आणि ऐकणारा तंत्रज्ञ हाताच्या अंतरावर. ती मुख्यतः माणसाचा आवाज खरा वाटावा म्हणून घडवली होती, आणि आजही गायकी ऐकणारे लोक तिच्या जुन्या जोड्या शोधत फिरतात. तुम्ही तिच्या मागे लागू नका, जुन्या जोडीचे भाव हाताबाहेर आहेत. पण तुमची खोली आणि ती गाडी यांचा प्रश्न एकच आहे.

दुसरी गोष्ट बघायची ती आवाज पसरतो कसा. ट्वीटर भोवती उथळ ताटलीसारखा खोलगट भाग असेल, किंवा ट्वीटर वूफरच्या मध्यातच बसवलेला असेल (केईएफ ही कंपनी १९८८ पासून असे करतेय), तर वरचे स्वर भिंतींवर कमी उधळतात आणि जे उधळतात ते समोरच्या आवाजाशी जुळणारे असतात. घुमणाऱ्या खोलीत हे फार महत्त्वाचं, कारण तिथे भिंतीवरून आलेलाही आवाज तुम्ही ऐकणारच आहात. निदान तो बेसूर नसावा. चमकदार ट्वीटरचे, ‘डिटेल’ म्हणून विकले जाणारे स्पीकर टाळा. दुकानात, गालिच्यावर, ते मोहात पाडतात. टाइल्सवर पंधरा मिनिटांत डोकं दुखतं.

स्टुडिओत वापरतात तसे, आतच ॲम्प्लिफायर असलेले मॉनिटर स्पीकरही तुमच्या बजेटमध्ये बसतात आणि मी तुम्हाला तेच सुचवीन. त्यांच्या पाठीवर बारीक बटणं असतात. उदाहरणार्थ यामाहाच्या एचएस५ वर ‘रूम कंट्रोल’चं बटण आहे, त्याने खालचा आवाज २ किंवा ४ डेसिबल उतरवता येतो, आणि वरच्यासाठी २ डेसिबल वर-खाली वेगळं बटण. भिंतीजवळ ठेवायची वेळ येते म्हणूनच दिलीत ती. लोक घरी आणतात आणि पाठ भिंतीला लावून टाकतात, बटण कधी बघतच नाहीत. आणखी एक बघा: वूफरच्या कडेची पट्टी रबराची हवी. फोमची पट्टी आपल्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होते. कोकण-मुंबईत तर लवकरच.

आता मांडणी. इथे घाई करू नका, कारण फुकटात मिळणारा सगळ्यात मोठा फरक इथेच आहे.

दहा फुटी भिंतीपाशी स्पीकर ठेवा, म्हणजे त्यांचा आवाज बारा फुटी लांबीच्या दिशेने जाईल. दोघांमधलं अंतर चार फूट, प्रत्येकाच्या बाजूला तीन-तीन फूट मोकळे. आणि तुमचा कान स्पीकरपासून चार फुटांवर. चार! हे ऐकून सगळे चमकतात. सध्या तुम्ही बहुधा मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर, नऊएक फुटांवर बसता आणि टॉवर कोपऱ्यांपाशी, बाजूच्या भिंतीपासून दीड फुटावर. त्या मांडणीत बाजूच्या भिंतीवरून येणारा आवाज सरळ आवाजाच्या जेमतेम एक-दीड मिलिसेकंद मागून येतो आणि ताकदीला फक्त एक डेसिबल कमी. म्हणजे एकाच वेळी दोन गायिका, एक खरी आणि एक भिंतीतली, तोंडाला तोंड लावून गातायत. चिरकेपणा तिथून येतो. चार फुटांवर बसलात की भिंतीतली गायिका चार मिलिसेकंद मागे पडते आणि जवळजवळ सात डेसिबल उतरते. एक पैसा न घालता.

सोफा भिंतीला लावून त्यावर बसण्यात दुसरा तोटा असा की घुमाऱ्याचा दाब भिंतीशी सर्वांत जास्त असतो. आणि खोलीच्या बरोबर मध्यावर, सहा फुटांवर, ४७ चा स्वर नाहीसाच होतो. समोरच्या भिंतीपासून साडेचार-पाच फूट ही मधली जागा बरी, आणि स्पीकर भिंतीजवळ ठेवले तर चार फुटांचा हिशेबही तिथेच येतो. कायमची खुर्ची तिथे ठेवता येणार नाही हे कळतं मला. ऐकताना ठेवा, नंतर उचला. खाली गादी घालून बसलात तर आणखी छान. मग स्पीकरही तेवढे खाली आणा. ट्वीटर कानाच्या रेषेत हवा, तेवढाच नियम. टीव्हीच्या शोकेसमधल्या खणात स्पीकर कोंबू नका, तो खण म्हणजे आणखी एक घुमणारी पेटी.

स्पीकर त्यांच्या पाठीमागच्या भिंतीपासून किती दूर? सगळीकडे सांगतात ‘दोन-तीन फूट सोडा’. मोठ्या खोलीत ठीक. तुमच्या खोलीत ते करू नका. स्पीकरच्या मागे गेलेला खालचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि एका ठरावीक स्वरावर समोरच्या आवाजाला खाऊन टाकतो. पुढची बाजू भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर तो स्वर येतो १४२ हर्ट्झ. आता हार्मोनियमवर बघा: काळी एकचा सा आहे १३९ हर्ट्झ. पुष्कळ गवई काळी एकच्या आसपास गातात. म्हणजे दोन फूट सोडून तुम्ही बुवांच्या षड्जाच्याच पोटात खड्डा पाडलात. आवाज पातळ का लागतो म्हणून मग ॲम्प्लिफायर बदलायचा! पुढची बाजू एका फुटावर आणली, म्हणजे पेटीमागे चारेक इंच, तर खड्डा सरकतो २८४ वर. तिथे चार इंच रॉकवूल, म्हणजे दगडाच्या धाग्यांची लोकर, त्याला बऱ्यापैकी आवरू शकतं. त्रास हटत नाही, पण आपल्या हाताला लागेल इतक्या वर येतो. भिंतीजवळ आल्याने बेस फुगेल, त्यासाठी पाठीवरचं बटण किंवा मोजा आहेच.

आता कापूस-लोकरीचं. मघाची तूट ९०-९५ चौरस फूट होती. बाल्कनीच्या काचेवर आणि तिच्या बाजूच्या भिंतीवर, दहा बाय आठ, जाड कापडाचा पडदा, कापड रुंदीच्या दुप्पट घेऊन भरपूर चुण्यांचा. चुण्या नसतील तर अर्धं काम गेलं. यातून ४५ मिळतील. पाच बाय सातचा जाड गालिचा, स्पीकर आणि तुमच्या मधल्या जमिनीवर: १२. उरलेले ३५-४० रॉकवूलच्या पाट्यांतून. इन्सुलेशनचा माल विकणाऱ्यांकडे एक मीटर बाय ६० सेंटिमीटरच्या, ५० मिलिमीटर जाडीच्या पाट्या मिळतात. घनमीटरला ४८ किंवा ६४ किलो घनता मागा. दोन-दोन एकावर एक ठेवून चार इंची करा. सुताराकडून साध्या पट्ट्यांच्या चौकटी करून घ्या, सहा चौकटी पुरतात. आत नॉनवोव्हन कापड, वर सुती. कापड निवडताना तोंडाशी धरून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर घ्या, रेक्झिन किंवा दाट सॅटिन नको. रॉकवूल कापताना मास्क आणि हातमोजे घाला, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल.

भोक पाडायचं नाही, तर चौकटींना मागे पाय लावा, उभ्या ठेवा. भिंतीपासून दोन इंच सुटं ठेवलं की दोन फायदे: खालचे स्वर थोडे जास्त पकडतात, आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीची ओल कापडाला लागून बुरशी येत नाही. दोन चौकटी स्पीकरच्या मागे; तिथे जागा कमी, म्हणून या दोन भिंतीला टेकवूनच. दोन बाजूच्या भिंतींना, आणि त्यांची जागा आरशाने शोधा: तुम्ही ऐकायच्या जागी बसा, घरातल्या कोणालातरी आरसा भिंतीला टेकवून सरकवायला सांगा, ज्या जागी आरशात ट्वीटर दिसेल तीच जागा. उरलेल्या दोन मागच्या भिंतीला. तिथे पुस्तकांचं उघडं कपाट असेल तर चौकटींऐवजी तेही चालेल, पुस्तकं उंच-बुटकी, आत-बाहेर ठेवा.

घुमाऱ्यासाठी मात्र जाडी लागते, आणि ती कोपऱ्यात. इथे पिंजाऱ्याला गाठा. जुन्या कापसाच्या दोन गाद्या घट्ट गुंडाळून, कापडी खोळ घालून, स्पीकरमागच्या दोन कोपऱ्यांत उभ्या करा. शक्य तितक्या जाड, शक्य तितक्या उंच. ५७ हर्ट्झ त्यानेही मरणार नाही, खोटी आशा लावत नाही. पण १०० च्या वरचं डग्ग्याचं गचके खाणं निश्चित कमी होईल.

मध्यंतरी कोथरूडला एका आजोबांकडे गेलो होतो, तुमच्यासारखीच खोली. त्यांना काहीही विकत घ्यायचं नव्हतं. मी भिंतीतल्या कपाटाची दारं सताड उघडली, आत शर्ट-साड्या खच्चून होत्या. माळ्यावरच्या गोधड्या काढून सोफ्याच्या पाठीवर टाकल्या, बेडरूममधली गादी आणून मागच्या भिंतीला उभी केली, त्यांची खुर्ची पुढे ओढली. मग त्यांचंच नेहमीचं यमनचं रेकॉर्डिंग लावलं. ते काही बोलले नाहीत. दहा मिनिटांनी आतून आजी आल्या आणि म्हणाल्या, ‘‘हे तंबोरे आधीपासून होते का यात?’’ खर्च शून्य, फक्त गोधड्या परत घडी करून ठेवायचं काम आजोबांकडे लागलं.

एवढं झाल्यावर उरलेला ५७-६० चा उंचवटा इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक स्वर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, कापायचा. संगणकावरून ऐकत असाल तर रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर आणि एक मोजणीचा यूएसबी मायक्रोफोन, कोणाकडून दोन दिवस उसना मिळाला तरी चालेल. ऐकायच्या जागी मोजा, उंचवट्यावर पाच-सहा डेसिबलचा अरुंद काप घ्या. विंडोजवर इक्वलायझर एपीओने ते होतं, तेही फुकट. खड्डे मात्र भरायला जाऊ नका. खड्डा म्हणजे दोन लाटा एकमेकींना खातायत. तुम्ही सहा डेसिबल वाढवलेत तर ॲम्प्लिफायरला चौपट ताकद लागते आणि खड्डा तेही गिळतो. आणि ३०० च्या वर इक्वलायझर फार चालवू नका, तिथे गालिचा-पडद्याचं काम.

सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारा वेगळा स्पीकर, सध्या नको. मुलाला समजवा.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो, कारण पुढचा प्रश्न तोच येतो: या चौकटींनी शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज थांबणार नाही. खोलीतलं घुमणं कमी करणं आणि आवाज बाहेर जाऊ न देणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. दुसऱ्याला वजनदार, हवाबंद बांधकाम लागतं आणि ते भाड्याच्या घरात होत नाही. जवळ बसल्याने आवाज कमी ठेवून भागतं, तेवढाच शेजाऱ्यांचा फायदा.

खरेदीचा क्रम असा ठेवा. पहिल्या रविवारी काही न घेता कपाट उघडं, गोधड्या, गादी आणि खुर्ची पुढे, एवढंच करून भावाचेच टॉवर, परत देण्याआधी, त्यांच्या पोर्टमध्ये मोजे घालून ऐका. मग पडदा आणि गालिचा, कारण ते घराला तसेही लागतात आणि घरात विरोध होत नाही. मग चौकटी. सगळ्यात शेवटी स्पीकर, आणि तोही दुकानातून दोन दिवस घरी आणून ऐकू देत असतील तरच. घरी ऐकताना आधी गाणं लावू नका. ओळखीच्या माणसाचं साधं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ते लावा. बायकोचा आवाज बायकोसारखा वाटला, नाकातून किंवा पिंपातून आल्यासारखा वाटला नाही, तर गायिकाही नीट गातील.

राहिली वायर. तुम्ही मॉनिटर घेतलेत तर स्पीकरची वायर लागतच नाही. वेगळा ॲम्प्लिफायर ठेवलात तर बुधवार पेठेत तापकीर गल्लीत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक दुहेरी वायर मीटरवर मिळते. दोन्ही बाजूंना सारखी लांबी, टोकं नीट पिळून स्क्रूखाली घट्ट. उरलेल्या पैशात पडद्याला आणखी कापड घ्या.